सावकाश केनेलच्या मालकास

३ मार्च, मंगळवार

बारक्या,

पकडलं तुला.

नऊ वर्षं लागली, पण पकडलं. आता ‘आपण कोण, मी आपल्याला ओळखत नाही’ असलं काही लिहू नकोस. मी तुझी ताई आहे. तू थाप मारणार हे तू तोंड उघडायच्या आधी मला कळतं.

कसं पकडलं ते ऐक. कुत्र्यांच्या गेममधलं आपलं ‘तिसरा मजला’ केनेल अजून चालू आहे. तू गेलास तेव्हा चौदा कुत्री होती, आता अठ्ठावीस आहेत. पासवर्ड बदललेला नाही. रोज सकाळी ‘खायला घाला’चं बटण दाबते, मग चहा टाकते, मग दातांच्या लॅबला पळते. तीस दिवस कुणी फिरकलं नाही तर साइट केनेलला टाळं ठोकते आणि कुत्री आश्रयघरात जातात, हे तुला आठवत असेलच. मी एक दिवसही चुकवला नाही. गेल्या वर्षी तापाने फणफणले होते, तेव्हाही पडल्या पडल्या बटण दाबलं. पडद्यावरचीच कुत्री ती, उपाशी राहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं, पण दाबलं.

तर झालं काय, आपल्या निळ्या डोळ्यांच्या ओळीत नात्याचा टक्का फार वाढला. सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडं. पिल्लं होईनात, झाली तर दोनच. बाहेरून नर आणणं भागच होतं. बाजारात ‘सावकाश’ नावाच्या केनेलचा एक नर दिसला. छाती रुंद, चाल सरळ. घेतला, आणि सवयीप्रमाणे त्याची वंशावळ उघडली. आठव्या पिढीत कोण, तर आपली तपकिरी म्हातारी! इथे आपला एक महिना म्हणजे कुत्र्याचं एक वर्ष, त्या हिशेबाने या इसमाने चारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच कुत्री नेली होती.

मग मी त्याच्या केनेलमध्ये शिरले, आणि तिथे तुझं बिंग फुटलं. प्रत्येक वेतातली धडधाकट पिल्लं विकलेली आणि सगळ्यात मरतुकडं पिल्लू घरी ठेवलेलं. एका वेतात नाही, झाडून सगळ्या. त्यावर शेरा: ‘पाय वाकडा, आईकडून.’ ‘दम कमी, आजोबांकडून.’ या साइटवर हजारो माणसं आहेत, पण असलं पिल्लू सगळे पहिल्याच दिवशी आश्रयघरात ढकलून मोकळे होतात. ते ठेवायचं असतं हे कुणाला माहीत? चाळीस वर्षं सरकारी पैदास केंद्रात मेंढ्या-गायींची नोंदवही लिहिणाऱ्या माणसाच्या पोरांना. जेवताना बाबा सांगायचे ना, की तगडं जनावर आपला दोष लपवतं, अशक्त जनावरात तो दिसतो, म्हणून शेवटचं पिल्लू घरचं. बाबांना सोडलं तर हे आपल्या दोघांनाच ठाऊक. आणि बाबांना कुत्र्यांचा गेम समजावायला गेले, तर ते माझ्याच डोक्याच्या डॉक्टरचा नंबर शोधतील.

शिवाय नाव! ‘सावकाश.’ जिना उतरताना, सायकलवर, पहिला घास घेताना, दिवसातून वीस वेळा बाबा तुझ्या नावाने हाच शब्द ओरडायचे.

तुझा नंबर बदलला, पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून साइटच्या या टपालातूनच लिहिते आहे. उत्तर आलं तर पुढचं सांगेन. सांगण्यासारखं आहे.

ताई

८ मार्च, रविवार

बारक्या,

धन्य आहे तुझी! नऊ वर्षांनी तोंड उघडलंस आणि त्यातून काय पडलं? ‘कुत्रा चांगला आहे. मागचा डावा पाय बघत जा.’

बघते. रोज बघते. झालं समाधान?

बरं, उत्तर दिलंस हेही कमी नाही. आता सांगायचं ते सांगते. बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. दोन जिने चढले की चेहरा राखेसारखा होतो, तिसरा ते मध्ये बसून चढतात. लिफ्ट बंदच असते. लिफ्ट दुरुस्त करणारा घरातला माणूस पळून गेल्यापासून ती सहा महिन्यांतून एकदा चालते. वीस एप्रिलला, सोमवारी, सकाळी आठला ऑपरेशन आहे. या वयात शंभरातले दहा उठत नाहीत, असं सर्जनबाई पेनाला टोपण लावता लावता म्हणाल्या. मीही मान डोलावली, जणू त्या कवळीचा रंग सांगत होत्या.

बाकी बाबा तसेच आहेत. पाच वर्षांपूर्वी मी त्यांना मोठ्या अक्षरात पेपर वाचता यावा म्हणून टॅब घेऊन दिला, तो घेऊन खोलीत बसतात. सकाळपासून बातम्या. जगात इतक्या घडामोडी होतात तरी कशा, कोण जाणे. दाढी करायचा कंटाळा करतात. रक्त पातळ व्हायची गोळी गालात धरतात आणि मी वळले की बेसिनमध्ये थुंकतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. मी बेसिन घासते, मला कसं कळणार नाही?

तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. पण पाच पावलं चालून थांबतात ना, तेव्हा दाराकडे बघतात. उगाच नाही लिहीत, मी पाहिलं आहे.

वीस तारखेच्या आत ये. एकदा त्यांना दिस. त्या वेळी फोनवर जे झालं ते मनात ठेवू नकोस.

ताई

१५ मार्च, रविवार

बारक्या,

‘फोनवर काय झालं?’ हे विचारतोस? मला?

तुला काय झालं ते चांगलं ठाऊक आहे. आठवडाभर वाट बघायला लावून तीन शब्द पाठवलेस, तेही असे. परीक्षा घेतोस का माझी? घे बाबा. लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचास, तेव्हापासूनची खोड आहे तुझी.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तुला त्या लांबच्या शहरात नोकरी लागली. बाबांशी तुझं वाजलं, आणि ते मिठाची गुळणी धरून बसले. तू तसाच गेलास. तीन आठवड्यांनी फोन केलास आणि म्हणालास, बाबांना दे. मी नाही दिला. बाबा जे म्हणाले होते ते तुला सांगितलं. बस, एवढंच झालं. ते रागात होते. रागात माणूस बोलून जातो.

हे उकरून काय मिळणार आहे? त्यांना जिना चढवत नाही आणि तू इतिहास विचारतो आहेस.

एक गंमत सांगते. बाबा आता गोळी माझ्यासमोर गिळतात. जीभ बाहेर काढून दाखवतात, शाळेतल्या तपासणीसारखी. दाढीही केली. मी म्हटलं, काय हो, कुठे लग्नाला जायचंय का? तर वस्तरा धुवायला गेले. ऑपरेशनची भीती असेल.

निळ्या डोळ्यांच्या मादीला तुझ्या नरापासून पाच पिल्लं झाली. पाच! शेवटच्याचा मागचा डावा पाय आखूड आहे. तू म्हणालास ते खरं निघालं.

ताई

१९ मार्च, गुरुवार

बारक्या,

‘ते काय म्हणाले होते? शब्द लिहा.’

लिहा? ताईला अहो-जाहो करायला लागलास? नऊ वर्षांत बराच सभ्य झालेला दिसतोस.

शब्द हवेत ना? घे शब्द. ‘गेलास तर गेलास. पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस.’ हेच तुला फोनवर सांगितलं होतं. एवढंच वाक्य. तू ‘बरं’ म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं ते ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे.

झालं? आता येतोस का?

आज लॅबमध्ये एका बाईंच्या कवळीचे समोरचे दोन दात मी उलटसुलट बसवले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, वडिलांची काळजी लागलीय, समजू शकते. मी म्हटलं, हो. मेण वितळवून पुन्हा सगळं केलं. बाई फार चांगल्या आहेत, आणि माझं लक्ष काळजीने उडालेलं नव्हतं.

बाबा कालपासून जेवायला बाहेर येत नाहीत. ताट आत मागवतात. पायाला सूज आली का बघायला गेले तर म्हणाले, राहू दे. माझ्याकडे पाहिलंही नाही.

ताई

२४ मार्च, मंगळवार

बारक्या,

तुझं शेवटचं उत्तर चार दिवस माझ्यासमोर आहे. ‘हे ते म्हणाले?’ तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह.

नाही.

नाही म्हणाले ते. असं काही म्हणालेच नाहीत. तू गेल्यावर तीन आठवडे ते दुसरं काही बोलतच नव्हते, रोज संध्याकाळी मी घरी आले की फक्त विचारायचे, ‘त्याचा फोन?’ ज्या दिवशी तू फोन केलास त्या दिवशीही विचारलं. त्यांचे बूट काढून झाले होते, हातात मोजे होते. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, नवीन जागा आहे, वेळ मिळत नसेल. आणि मोजे वाळत घालायला गेले.

ते वाक्य माझं. बाबांचं नाव लावून मी तुला सांगितलं.

का, ते सांगते. तू याला सबब म्हणशील, म्हण. ज्या आठवड्यात तुझं नेमणूकपत्र आलं त्याच आठवड्यात मलाही एक आलं होतं. दुसऱ्या गावातली मोठी लॅब, हाताखाली सहा माणसं, राहायला खोली. ते पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरत होते, चांगली वेळ बघून घरात सांगू म्हणून. तू आलास, बूटही न काढता टेबलावर तुझं पत्र आपटलंस आणि म्हणालास, ‘मी चाललो!’ झालं. एक गेला की दुसऱ्याने राहायचं, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. बाबा एकटे राहू शकले नसते. तू माझ्याकडे बघून हसलास, ‘ताई आहे ना!’ बारक्या, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या दिवशीही हसले.

मग तुझा फोन आला. तू तिकडच्या गमती सांगत होतास. खिडकीतून नदी दिसते म्हणालास. मला वाटलं, याला एक संध्याकाळ तरी दुखू दे. एकच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगणार होते. दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. आठवड्याने केला तर नंबर बंद. त्यानंतर दरवर्षी सांगणं जास्त अवघड होत गेलं आणि न सांगणं जास्त सोपं.

आणखी एक. तुझा पत्ता माझ्याकडे नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खोटं. सात वर्षांपूर्वी लॅबच्या पत्त्यावर तुझं पत्र आलं होतं. ‘बाबांचा राग उतरला का, एवढंच कळव.’ खाली पत्ता. ते लॅबमध्ये दातांच्या रंगांचे नमुने ठेवतो त्या खणात आहे. तो खण मी रोज उघडते. त्या पत्त्यावर लिहिलं असतं तर पाकीट बंद करताना मला कळलं असतं की मी काय केलंय. इथे काय, बटण दाबायचं. इथे आपण कुत्र्यांचीही लग्नं लावतो.

मला वाईट वाटतं, असं लिहिणार होते. नुसतं वाईट वाटत नाही. लाज वाटते. बाबांसमोर ताट ठेवताना रोज वाटते, आणि तरी ठेवते.

त्यांना सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. ऑपरेशनच्या आधी तर नाहीच. तू ये आणि तू सांग.

ताई

२८ मार्च, शनिवार

बारक्या,

उत्तर नाही. चार दिवसांत नाही. निदान शिव्या तरी दे. तुला येतात, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांकडून पुष्कळ शिकला होतास.

घरात काय चाललंय मला समजत नाही. बुधवारी बाबा पहाटेच उठून स्वयंपाकघरात आले, माझ्या हातातलं चहाचं भांडं काढून घेतलं आणि स्वतः चहा केला. फुळकवणी. दोन कप. एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेऊन आत गेले. तेव्हापासून रोज हेच. माझ्या हातचा चहा घेत नाहीत, पण मला करून देतात.

काल अचानक म्हणाले, ‘तुला एकदा बाहेरगावी काम मिळणार होतं ना?’

मी म्हटलं, ‘कुणी सांगितलं?’

‘मिळणार होतं की नाही?’

‘होतं. जुनी गोष्ट आहे.’

‘मला विचारायचंस.’

‘विचारून काय केलं असतंत?’

ते म्हणाले, ‘माहीत नाही. पण विचारायचंस.’ आणि भिंतीला धरून खोलीत गेले.

हे त्यांना कसं कळलं? आईला सांगितलं असतं तर आईकडून म्हटलं असतं, पण आई तेव्हा नव्हती. मी फक्त तुला लिहिलं आहे. तू त्यांना काही कळवलंस का? फोन केलास का? केला असशील तर चांगलंच आहे, मला राग नाही. फक्त सांग.

मंगळवारी त्यांच्या तपासण्या आहेत. दिवसभर रुग्णालयात. माझी सुट्टी मंजूर झाली आहे.

ताई

२ एप्रिल, गुरुवार

बारक्या,

हे पत्र कागदावर आहे आणि तुझ्या पत्त्यावर येतं आहे. सात वर्षांत तू घर बदललं असशील तर ज्याच्या हाती पडेल त्याने कृपया पुढे पाठवावं. माणूस आजारी आहे.

महिनाभर मी कुत्र्यांच्या गेममध्ये एका केनेलला सहा पत्रं लिहिली, तो तू आहेस असं समजून. तू नव्हतास. तू तो गेम अजून खेळतोस की नाही, हेही मला माहीत नाही. त्या पत्रांत मी कबूल केलं होतं ते तुला आता इथे सरळ सांगते. ‘पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस’ हे बाबा कधीच म्हणाले नाहीत. ते मी म्हणाले, त्यांचं नाव लावून. तुझा फोन आल्याचंही मी त्यांना सांगितलं नाही. तुला नोकरी लागली तेव्हा मलाही दुसऱ्या गावी लागली होती. तू आधी निघालास, म्हणून मी राहिले, आणि त्याचा राग तुझ्यावर असा काढला. तुझं पत्र पोचलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

आता मंगळवारचं सांगते. बाबांना तपासणीसाठी आत नेताना नर्सने त्यांचं घड्याळ, चष्मा आणि टॅब माझ्या हातात दिला. मी बाकावर बसले. टॅबला धक्का लागून पडदा उजळला. त्यावर ‘सावकाश’ केनेलचं टपाल उघडं होतं. माझं चोवीस तारखेचं पत्र, एवढ्या मोठ्या अक्षरांत की एका वेळी चारच ओळी मावत होत्या. खाली उत्तराची चौकट. त्यात टाइप करून न पाठवलेले तीन शब्द: ‘मी बारक्या नाही.’

 पाऊण तास मी तो टॅब मांडीवर धरून बसले. समोर एक माणूस यंत्रातून बिस्किटाचा पुडा काढायची खटपट करत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. शेवटचं पिल्लू कुणी ठेवतो म्हटल्यावर मला तू आठवलास. ज्याने आपल्याला शिकवलं तो भिंतीपलीकडे बसला होता, तो नाही आठवला.

बाबांना बाहेर आणलं. पडदा ओढून घेतला, तरी पलीकडच्या खाटेवरचा खोकला ऐकू येत होता. मी टॅब त्यांच्या पोटावर ठेवला.

‘बाबा, हे तुम्ही?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘चार वर्षं झाली.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तुला काय सांगायचं? मी तुझ्यासाठी नव्हतो गेलो तिथे.’

मग सावकाश, मध्ये दम घेत, त्यांनी सांगितलं. आपण दोघं ‘तिसरा मजला’ म्हणायचो ते त्यांच्या लक्षात होतं. तू गेल्यावर मी एकदा त्यांना बोलले होते, की ते पोरखेळ मी सोडले. ते त्यांनी खरं मानलं. टॅब आल्यावर चाचपडत चाचपडत त्यांनी साइट शोधली. बघतात तर केनेल चालू. म्हणजे चालवणारा तूच. ओळख द्यायची त्यांची छाती झाली नाही. तू आपणहून तोंड फिरवलंस असं त्यांना वाटत होतं. मग नाव न सांगता आपल्याकडची कुत्री विकत घेऊ लागले.

‘सकाळी उठलो की आधी ते बघायचो,’ ते म्हणाले. ‘तिसऱ्या मजल्यावर कुत्र्यांना खायला घातलेलं असायचं. म्हटलं, पोरगा उठलाय. बरा आहे. मग चहा घ्यायचो.’

बारक्या, ते बटण दाबून मी तोच चहा गाळत असायचे.

‘तीन तारखेला तुझं पत्र आलं,’ बाबा म्हणाले. ‘तेव्हा कळलं, खायला तू घालतेस.’

त्यांनी मान वळवली. मी म्हटलं, ‘त्याच दिवशी मला सांगायचं होतंत, की हा मी आहे.’

‘सांगणार होतो. दोनदा दारापर्यंत आलो. पण तू लिहिलं होतंस, सांगण्यासारखं आहे. घरात तू मला गोळी घ्या आणि पाय वर ठेवा याशिवाय काही सांगत नाहीस.’ मग म्हणाले, ‘नसतं वाचलं तर बरं झालं असतं. पण वाचलं.’

मी रडले. तू पाहिलं असतंस तर तुला विचित्र वाटलं असतं, मलाही वाटलं. बाबांनी मला जवळ घेतलं नाही. गप्प राहा असंही म्हणाले नाहीत. पलीकडचा खोकणारा मात्र थांबला.

काल लॅबमधून तुझं पत्र आणून त्यांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, एकदा चष्म्याने आणि एकदा चष्मा काढून अगदी डोळ्यांपाशी धरून. ‘बाबांचा राग उतरला का’ या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, ‘सात वर्षं?’ मी हो म्हटलं. मग म्हणाले, कागद आण.

मी लिहायला बसले आणि त्यांना विचारलं, ‘बाबा बोलावतायत असं लिहू ना?’

इतक्या वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते. काल ओरडले. ‘माझ्या नावाने तू एक अक्षरही लिहायचं नाहीस! तुझं तू लिही. खाली जागा सोड.’ ओरडल्यावर त्यांना दहा मिनिटं धाप लागली होती.

म्हणून माझं मी लिहिलं. वर लिहिलेलं सगळं माझं आहे आणि खरं आहे. तू आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मी त्या दिवशी लॅबला जाईन, हवं तर. खाली जागा सोडते आहे.

ताई

बारक्या,

वरचं वाचलं. चष्मा लावून लिहितो आहे, ओळी वाकड्या येतील.

तू फोन केला होतास हे मला गेल्या महिन्यात कळलं. मी तुला येऊ नकोस असं कधीही म्हटलेलं नाही. तू निघालास तेव्हा मी बोललो नाही, ती माझी चूक. ती तिच्यावर घालू नकोस. बाकी तिला जे बोलायचं ते मी घरात बोलेन.

वीस तारखेला सकाळी नेणार आहेत. एकोणीसपर्यंत मी घरीच आहे. तू बेल वाजवलीस की दार मी उघडणार आहे. मला वेळ लागेल. जाऊ नकोस.

बाबा